वहिनीचा पंखा, माझं धुराडं

गगनबावड्याच्या घरात पप्पांनी दोन गोष्टी दोघींसाठी केल्या. हॉलमधली फायरप्लेस माझ्यासाठी आणि स्वयंपाकघरातला मोठा पंखा वहिनीसाठी. पंखा पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालला. फायरप्लेसनं पाऊस लागल्याबरोबर घरातल्या सगळ्यांना रडवलं, पाहुण्यांसकट.

आमचं मूळ घर कोल्हापुरात, कळंब्याच्या बाजूला. पप्पांची छोटी फाउंड्री होती, ती आता दादा बघतो. कामं दादाकडं गेल्यावर पप्पांना घरी बसवेना. म्हणून त्यांनी घाटमाथ्यावर जागा घेऊन हे घर बांधलं. पावसाळ्यात धुकं बघायला लोक येतात, त्यांना राहायला खोल्या आणि जेवायला तांबडा-पांढरा रस्सा. मम्मीला तिथली ओल सोसत नाही, ती कळंब्यालाच राहते. दादा शनिवार-रविवार येतो. एरवी वर आम्ही तिघंच असतो: पप्पा, वहिनी आणि मी. वहिनी स्वयंपाक आणि पाहुणे बघते. मी बुकिंग बघते, कारण टाईप करताना माझी जीभ अडखळत नाही.

फायरप्लेस मात्र त्या घराच्या कितीतरी आधीची आहे. शाळेतल्या माझ्या पहिल्या इंग्रजी पुस्तकात एका घराचं चित्र होतं. विटांची कमान, कमानीत जाळ, समोर गालिच्यावर मांजर, खुर्चीत वडील आणि वडिलांच्या पायाशी मुलगी. त्या पुस्तकातलं बाकी काही मला आपलं वाटलं नाही, हे वाटलं. मग चित्रकलेच्या वहीत मी जे घर काढीन त्यात ती कमान असायची. पप्पा संध्याकाळी फाउंड्रीतून काळेकुट्ट होऊन यायचे आणि हात धुवायच्या आधी, लांबूनच, वही बघायचे.

"ही भट्टी काय गं?"

"फायरप्लेस."

"घरात भट्टी? मग मी कारखान्यात कशाला जातोय? हितंच वतूया की लोखंड."

पण एकदा म्हणाले, "बांधूया तुला एक." मोठी माणसं असं पुष्कळ बोलतात. पप्पांनी ते लक्षात ठेवलं, आणि त्यांनी लक्षात ठेवलंय हे मला माहीत होतं. मधल्या इतक्या वर्षांत आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

शाळेच्या पालकसभेला ते यायचे तेव्हा पांढरा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसायचे. मॅडम इंग्रजीत बोलायच्या. मी खाली मान घालून, ओठ न हलवल्यासारखं, त्यांना मराठीत सांगायची. कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलणारा माणूस तिथं माझ्याकडं कान करून बसायचा. त्या वेळी पप्पा कुणाचेही नसायचे, फक्त माझे असायचे. पुढं मी दहावी झाले, पालकसभा संपल्या, आणि पप्पांना माझी अशी गरज पुन्हा कधी पडली नाही.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी मलकापूरच्या पुढच्या एका गावातली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पप्पा चप्पल घालून आत आले तर ती म्हणाली, "मामा, पायताण भाईर काढा की. आत्ता फरशी पुसलीया."

मम्मीनं आणि मी एकमेकींकडं बघितलं. पप्पांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. पप्पा मागं फिरले, चप्पल काढली आणि हसले. दाढा दिसतील असं हसले. त्यांच्या एका दाढेला चांदीची टोपी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. माझ्याशी पप्पा नीट बोलतात. "तुला चहा हवाय का?" असं विचारतात, बँकेतल्या साहेबाला विचारावं तसं. वहिनीला म्हणतात, "चा टाक गं." माझं काही चुकलं तर गप्प बसतात. तिचं चुकलं तर ओरडतात, मग तीही ओरडते, मग दोघं मिळून भजी खातात. बाहेरून आले की दारातूनच विचारतात, "पोरगी कुठाय?" पूर्वी हा प्रश्न ऐकला की मी उठायची. आता उठत नाही. एकदा उठले होते, तर म्हणाले, "तू बस, तू बस. हिला हाक मारत होतो."

वर राहायला गेल्यावर वहिनीनं पहिली मागणी केली ती पंख्याची. "मामा, वीस माणसांचं मटण परतायचं म्हंजे खोकून मरायची येळ येतीया." पप्पा दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेले आणि फाउंड्रीच्या शेडमधला जुना मोठा पंखा काढून आणला. स्वतः पाती खरवडली, बेअरिंग बदललं, हिरवा रंग दिला आणि भिंत फोडून स्वतः बसवला. बटण दाबलं की स्वयंपाकघरातली वाफ, धूर, फोडणीचा ठसका, सगळं एका दमात बाहेर. कट्ट्यावरची कोथिंबिरीची पानंसुद्धा भिंतीकडं सरकायची.

फायरप्लेसला मात्र त्यांनी गवंडी लावला होता. हे मी मनात टिपून ठेवलं.

तरी उन्हाळ्यात वास्तुशांतीच्या दिवशी ती पहिल्यांदा पेटवली तेव्हा मी सगळं विसरले होते. जांभ्याची कमान, माझ्या वहीतल्यापेक्षा रुंद, कारण पप्पा म्हणाले, लहान कशाला, सगळ्यांना शेकता आलं पाहिजे. दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. जाळ सरळ उभा राहिला, धूर धुराड्यातून वर गेला. पप्पा गर्दीतून माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "बघ. तुझी भट्टी."

मृग जवळ आला तसा घराला कागद बांधला. घाटमाथ्यावर कागद म्हणजे जाड प्लास्टिक. तिथं पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो आणि भिंतीतून आत झिरपतो. म्हणून छपरापासून जोत्यापर्यंत भिंती, खिडक्या, झरोके, सगळं झाकून वरून बांबूच्या पट्ट्या ठोकतात. गणपती झाल्याशिवाय कुणी सोडत नाही. पप्पांनी तर आयुष्यभर साचे केलेले. एक थेंब आत येऊ नये म्हणून खिडक्यांना रबर लावलं, दारांच्या फटी बुजवल्या, आणि पंख्याचं तोंड तेवढं सोडून तीन बाजूंनी कागद असा ताणून बसवला की दार लावलं की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. शेजारचे येऊन बघून गेले. "पावणं, हे घर न्हाय, डबा हाय," असं एकजण कौतुकानं म्हणाला.

त्यानंतर पहिले पाहुणे आले त्या संध्याकाळी मी फायरप्लेस पेटवली आणि सगळा धूर हॉलमध्ये आला. थोडाथोडका नाही. कमानीच्या वरच्या काठावरून तो जाड, सावकाश बाहेर वाकायचा, छताला लागायचा आणि खाली उतरायचा. पुण्याहून आलेलं कुटुंब डोळे पुसत व्हरांड्यात जाऊन बसलं. वहिनी ताटं घेऊन तिथंच गेली. "पावणं, हितंच बसा निवांत. आमच्या वन्संचं विंग्रजी चुलवाण तापलंय आज." सगळे हसले. चुलवाण म्हणजे गुऱ्हाळातली गूळ शिजवायची मोठी भट्टी. ते नाव घरात रुळायला वेळ लागला नाही. पप्पाही म्हणायला लागले.

त्या कुटुंबानं नंतर ऑनलाइन लिहिलं, जेवण अप्रतिम, हॉलमध्ये धूर. जेवणाचं कौतुक वहिनीला वाचून दाखवायचं काम माझंच होतं. पुढचं मी वाचलं नाही. पण तिनं माझा चेहरा वाचला असावा. "आनि काय लिवलंय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "एवढंच."

आम्ही काय नाही केलं. वहिनी म्हणाली लाकडं ओली आहेत, म्हणून लाकडं आत आणून वाळवली. गवंडी म्हणाला धुराडं बुटकं आहे, ते पावसात मचाण बांधून छपराच्या कण्यापेक्षा उंच केलं. पप्पांनी कमान फार रुंद झाली म्हणून वरच्या अंगाला पत्र्याची पट्टी बसवली, तोंड लहान केलं. धूर थोडा कमी झाला, इतकाच की आता खोकला यायला जरा वेळ लागायचा. पप्पांचं सगळं आयुष्य भट्टीत गेलं, पण त्यांच्या भट्टीला नेहमी ब्लोअर होता. वारं ढकलायचं आणि जाळ पेटवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. आपण होऊन वर जाणाऱ्या धुराशी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. ते धुराड्यात डोकं घालून वर बघायचे, काजळीनं माखून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "मोकळं तर हाय."

एका रविवारी जेवताना दादा म्हणाला, "पप्पा, ते फोडून टाकूया. तिथं मोठा टीव्ही लावतो."

"टीव्ही कशाला?" वहिनी म्हणाली. "तिथं साधी चूल घाला, मामा. पावण्यांच्या म्होरं मी भाकरी थापतो. लोकं फोटू काढत्यात."

ती 'थापतो'च म्हणते, आमच्याकडच्या बऱ्याच बायका म्हणतात तसं. मला शाळेत ही सवय मोडायला लावली होती. चुलीलासुद्धा धूर असतो, असं माझ्या तोंडाशी आलं. तोवर पप्पा म्हणाले, "हां. हे चांगलंय." त्यांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि माझ्याकडं वळून, ती नीट भाषा काढून म्हणाले, "गवंड्याला पुढच्या सोमवारी बोलावतो. तुझी हरकत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

नंतर भांडी आवरताना वहिनीनं मला विचारलं, "वन्सं, राग आला न्हवं?" मी तिलाही नाही म्हटलं. तिनं माझ्या हातातली भांडी ओढून घेतली आणि गाणं गुणगुणत घासायला लागली. तिला खरंच वाईट वाटलं असेल. मला ते तेव्हा पटवून घ्यायचं नव्हतं. माझी एकच वस्तू त्या घरात होती आणि त्या जागी वहिनीची चूल येणार होती. तीही पप्पांच्या पसंतीनं.

सोमवार यायच्या आत शुक्रवारी दुपारी लाईट गेली. घाटावर ती पावसात जातेच. पाहुणे संध्याकाळी यायचे होते, वहिनी स्वयंपाकघरात रस्सा शिजवत होती. हॉल गारठला होता आणि मी, शेवटचंच म्हणून, चार बारकी लाकडं लावून फायरप्लेस पेटवली. डोळ्यांना ओढणी लावून तयार बसले. धूर आलाच नाही. तो मागं झुकला, पत्र्याच्या पट्टीखालून आत गेला आणि वर निघून गेला. जाळ वास्तुशांतीच्या दिवशीसारखा उभा होता. मला वाटलं वारा फिरला असेल. मी आणखी एक लाकूड घातलं. तरी सगळं छान.

मग लाईट आली. स्वयंपाकघरात तो हिरवा पंखा घुमायला लागला, आणि कमानीच्या काठावरून धूर बाहेर वाकला.

मी उठले नाही. ओरडलेही नाही. धूर डोळ्यांत जाऊ दिला आणि त्या पंख्याचा आवाज ऐकत राहिले. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत मला इतका आनंद झाला नव्हता. सकाळी चहाच्या वेळी फायरप्लेस पेटवली की धूर कमी का असतो आणि स्वयंपाकाच्या वेळी जास्त का, हे आता कळलं. घराला कागद गुंडाळलेला, खिडक्यांना रबर. पंखा घरातली हवा बाहेर फेकणार, तर घर ती परत कुठून घेणार? एकच मोठं भोक उघडं होतं. माझं धुराडं. वहिनीचा पंखा माझ्या धुराड्यातून श्वास घेत होता.

पण मी घरात काही बोलले की दादा आधी हसतो, मग ऐकतो. म्हणून खात्री करून घ्यायची होती. शनिवारी सकाळी पाहुणे धबधब्याकडं गेल्यावर देव्हाऱ्यातली उदबत्ती घेतली आणि विझलेल्या फायरप्लेसच्या तोंडाशी धरली. पंखा बंद होता. धुराची रेघ आत झुकली. वहिनी स्वयंपाकघरात शिरेपर्यंत मी तशीच बसून राहिले. तिनं बटण दाबलं. रेघ थरथरली, उभी राहिली आणि वळून माझ्या तोंडावर आली. मी उदबत्ती विझवून टाकली आणि दिवसभर पाहुण्यांच्या पैशांच्या पावत्या पाठवत बसले. आतून मला गुदगुल्या होत होत्या. ही गोष्ट मी कशी सांगणार, वहिनीचा चेहरा कसा पडणार, हे मी पुन्हा पुन्हा मनात रंगवत होते.

सोमवारी गवंडी चहा पिऊन हातोडा घेऊन कमानीसमोर उभा राहिला. पप्पा काढलेले चिरे कुठं रचायचे ते दाखवत होते. वहिनी दारात, हातात पीठ. मी मनात तयार केलेलं वाक्य इंग्रजीत होतं, ते मराठीत येईना. शेवटी एवढंच निघालं, "पप्पा, फोडायच्या आधी एकदा वहिनींचा पंखा लावून बघूया?"

"पंख्याचं काय त्यात?" वहिनी म्हणाली.

मी उदबत्ती पेटवून आणली. ते बघून तिला हसू आवरेना. "बघा मामा. फोडायच्या आधी वन्सं पूजा घालत्यात."

"नारळ बी आणा," गवंडी म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसले आणि उदबत्ती कमानीच्या तोंडाशी धरली. "आता लावा," मी म्हटलं. वहिनी आत गेली, पंखा घुमला. रेघ वळून बाहेर आली. "बंद करा." आवाज उतरत गेला, रेघ उभी राहिली आणि आत झुकली.

पप्पा माझ्या शेजारी खाली बसले. त्यांचा गुडघा कटकन वाजला. "परत," ते म्हणाले.

पुन्हा तेच झालं. मग त्यांना स्वतः धरून बघायची होती, पण त्यांच्या हाताला कंप आहे, रेघ नुसती नाचायला लागली. वहिनी धावत आली. "आणा हिकडं, मी धरतो." तिनं उदबत्ती घेतली आणि बोलत सुटली, "म्हंजे माझ्या पंख्यामुळं व्हय धूर? आनि इतकं दिस लाकडाला शिव्या दिल्या की वो आपण," आणि तिच्या बोलण्याच्या वाऱ्यानं धूर चारी दिशांना जायला लागला.

"तोंड मिटून धर की गं," पप्पा म्हणाले.

"मिटलंय की."

"ह्ये मिटलंय व्हय? दे तिच्याकडं. तिचा हात हालत न्हाय."

उदबत्ती माझ्याकडं आली. मी श्वास धरून बसले. पप्पा धुराकडं आणि माझ्या हाताकडं बघत होते, आणि त्यांचा कान माझ्या इतका जवळ होता की मला शाळेतला तो शेवटचा बाक आठवला. "वारं न्हाय त्याला आत यायला," ते सावकाश म्हणाले. "डबा केला मी घराचा. माझ्याच हातानं." आणि मग माझ्याकडं बघून, "कवा कळलं तुला?"

"शुक्रवारी. लाईट गेली तेव्हा."

"मग सांगायचं न्हाय व्हय, खुळे?"

मला ते खुळे फार आवडलं.

मग मी वहिनीकडं बघितलं. तो पडलेला चेहरा बघायचाच होता. पण ती तिथं नव्हतीच. ती स्वयंपाकघरात पळाली होती आणि बटणाशी उभी राहून ओरडत होती, "आता?" पंखा घुमायचा. "आता?" पंखा थांबायचा. "आता कुनीकडं गेला वो मामा?" पप्पा इकडून ओरडत होते, "भाईर आला. आत गेला." गवंडी हातोडा ठेवून हसत होता. मी शोधून काढलेल्या गोष्टीचा खेळ त्या दोघांनी माझ्या डोळ्यांसमोर आपला करून टाकला, आणि मी उदबत्ती धरून मधे बसले होते, समईसारखी.

गवंड्याला आणलंच होतं, तर त्याला फोडायच्या ऐवजी खणायला लावलं. वाऱ्याची नळी म्हटल्यावर पप्पांमध्ये एकदम फाउंड्री शिरली. पूर्वेकडच्या व्हरांड्याला कागद नव्हता. तिथून जमिनीखालून एक जाड पाईप आणायचा, तो थेट जाळाच्या पुढ्यात काढायचा आणि वर जाळी बसवायची. म्हणजे जाळाला लागणारी हवा बाहेरूनच येईल, घरातल्या हवेवर त्याचा हक्क नाही. बाहेरच्या तोंडाला उंदीर शिरू नये म्हणून दुसरी जाळी. पंख्याची सोय वेगळी करायची होती, कारण पंखाही काही धुराड्यातून हवा ओढायचं सोडून देणार नव्हता. स्वयंपाकघरातली खिडकी उघडी ठेवायची तर कागद कापायला लागणार आणि पाऊस आत येणार.

"त्ये माझ्यावर सोडा," वहिनी म्हणाली. तिनं खिडकीपुरता कागद कापला आणि वरच्या बाजूला बांबूच्या कामट्या वाकवून, त्यांवर तोच कागद घालून, एक छोटं इरलं बांधलं. भात लावणाऱ्या बायका डोक्यावरून पाठीवर घेतात तसं. खालून हवा येईल, वरून थेंब नाही. पप्पा भर पावसात बाहेर उभं राहून ते बघत होते. "ह्ये डोकं," ते म्हणाले, "ह्ये इंजिनेराला बी न्हाय."

तेव्हा माझा आनंद संपला. शोध माझा होता, हे मी कुणाला पुन्हा सांगायला जाणार नव्हते. पण संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा पप्पांनी आधी इरल्याचं सांगितलं.

पाईप बसवताना माती काढायला आम्ही दोघी खाली वाकलो होतो. वहिनी हसत म्हणाली, "तुमच्या हौसेसाठी मामांनी केवढं केलं बघा. आमच्या अण्णानं मला फुकणी दिलती. म्हनले, फुक." अण्णा म्हणजे तिचे वडील, आणि फुकणी म्हणजे चूल फुंकायची नळी. ती हसतच होती, आणि मीही हसले. मग ती घमेलं उचलून निघून गेली. तिच्या बोलण्यात हेव्याचा वास होता का, हे मी माती उपसत बराच वेळ तपासत राहिले. असावा असं वाटलं. मला त्यानं बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं मी कुणाला दाखवलं नाही.

सिमेंट वाळायला वेळ गेला. मग एका संध्याकाळी, पाहुणे नव्हते, धुकं व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलं होतं, तेव्हा पप्पांनी स्वतः लाकडं रचली. स्वयंपाकघरात पंखा चालू ठेवला, मुद्दाम, पूर्ण जोरात. काडी लावली. धूर एकदा कमानीच्या काठापर्यंत आला, आम्ही तिघंही मागं सरलो, आणि मग खालच्या जाळीतून गार हवा आल्याचं माझ्या पायांना कळलं. धूर मागं झुकला आणि गेला. जाळानं आवाज केला, चादर झटकल्यासारखा.

"उदबत्ती आण," पप्पा मला म्हणाले. "उगंच डोळ्यावर इश्वास नगं." मी आणली, धरली, रेघ आत गेली. त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत टेकले. मी त्यांच्या पायाशी फरशीवर चटई ओढून बसले. पुस्तकातल्यासारखं मांजर नव्हतं. पप्पांच्या पँटला सिमेंट लागलेलं होतं आणि त्यांनी पाय जाळाकडं पसरले होते. वहिनी आत गेली होती, आम्ही दोघंच होतो. असं किती वेळ चालणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कान स्वयंपाकघराकडं लावून बसले होते.

पंखा थांबला. वहिनी पदरात रताळी घेऊन आली आणि विचारल्याशिवाय निखाऱ्यात खुपसली. "चांगलं चुलवाण हाय की," ती म्हणाली. "उगंच फोडायला निघालो वो आपण." मग ती माझ्या चटईशी आली. "सरका की वन्सं. एकट्याच शेकताय."

मी सरकले. चटईवर तिला पुरेल एवढी जागा केली. पण सरकले ती पप्पांच्या खुर्चीकडं सरकले, खुर्चीच्या पायाला पाठ लागेपर्यंत, आणि तिला पलीकडची बाजू दिली, जिथून रताळी नीट उलटता येतात.